लिओबाच्या एप्रनचे ओरखडे

या मंडळी, अशी दाराशी का बसलात? खुर्च्या पुढे ओढा, शेगडीपाशी अजून जागा आहे. आज गाणं होणार नाही, सर्दीनं माझा खर्ज पार बसलाय. गोष्ट मात्र सांगतो. एका भिंगाची गोष्ट आहे आणि ते भिंग पुसणाऱ्या एका बाईची. मधे कुठे हसू आलं तर खुशाल हसा. शेवटाला येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एवाल्ड थाइसला तुमच्यातले पुष्कळजण ओळखतात. गायनवृंदात तो आणि मी जन्मभर शेजारी उभे राहिलो, मागच्या रांगेत, खांबाजवळ. त्याची बायको लिओबा कॅथलिक, तो आपल्यासारखा प्रोटेस्टंट. आपलं मोठं चर्च दोन्ही पंथांचं. आतला भाग त्यांचा, बाहेरचा आपला, वर छप्पर एकच. त्यामुळे ही दोघं रविवारी एकाच दारातून आत शिरायची आणि वेगवेगळ्या वेळी प्रार्थना करायची. कुणी छेडलं तर लिओबा म्हणायची, "देव एकच आहे हो, पाळ्या दोन. तुमच्या कारखान्यासारखंच."

कारखान्याचं नाव मी घेत नाही, कॅमेऱ्यांसाठी जगभर नाव असलेल्या आपल्या वेट्सलारमध्ये त्याची गरजही नाही. एवाल्ड तिथे वयाच्या पंधराव्या वर्षी लागला आणि भिंगं घासत घासतच म्हातारा झाला. डांबराच्या थाळीवर लाल भुकटीचं पाणी सोडायचं, काच फिरवत राहायची आणि नमुन्याच्या काचेवर टेकवून दोन्हींच्या मधे उमटणारी रंगीत कडी बघायची. कडी गोल आणि सारखी दिसली तर माल पुढे. नाहीतर परत. घासणाऱ्यांच्या खोलीत भिंग परत येणं याच्याएवढी लाज दुसरी नव्हती. प्रत्येकजण काचेच्या कडेला पेन्सिलीनं आपली खूण करायचा. परत आलेलं भिंग त्या खुणेवरून ज्याचं त्याच्या टेबलावर सगळ्यांदेखत ठेवलं जायचं. कुणी एक शब्द बोलायचं नाही. ज्याचं त्यानं ते पुन्हा घासायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

हा रिवाज लक्षात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

एवाल्ड तरुण असताना कारखान्यात कॅमेऱ्याची एक नवीन लेन्स, म्हणजे भिंगं बसवलेली नळी, करून बघितली. चाचणीपुरते थोडे नग झाले, पुढे वरच्यांचं मन बदललं आणि ती कधी विक्रीला गेलीच नाही. बहुतेक नग मोडीत निघाले. एवाल्डचं लग्न ठरलं तेव्हा फोरमननं त्यातला एक रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "पुढचं भिंग तुझ्याच हातचं आहे. घेऊन जा, इथे कुणी विचारणार नाही." तेव्हापासून ती लेन्स त्यांच्या बैठकीत, घड्याळाशेजारच्या फळीवर उभी होती. झाकण कधीच हरवलं होतं.

लिओबा दर शनिवारी घर झाडून-पुसून लख्ख करायची आणि शेवटी फळीशी यायची. लेन्सवर तोंडानं वाफ सोडायची आणि एप्रनच्या टोकानं गोल गोल पुसायची. एवाल्ड खुर्चीतून ओरडायचा.

"अगं, ते भिंग आहे! बशी नाही!"

"बशीवरसुद्धा धूळ बसू देत नाही मी."

"एप्रनला कणकेचे कण असतात. ओरखडे पडतात, ओरखडे!"

"मग घाल पुन्हा तुझ्या त्या थाळीवर. घासण्याशिवाय येतंय काय तुला?"

मी कित्येक शनिवारी हे भांडण ऐकलंय. कांदा घातलेलं चीज आणि सफरचंदाची वाइन समोर असायची, आणि हे दोघं त्या काचेवरून एकमेकांना टोचायचे. मला घरी परतताना उगीचच बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात लिओबाला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, थोडं जड झालं एवढंच. इस्पितळातून तिला नदीपलीकडच्या चढावरल्या वृद्धाश्रमात हलवलं, कारण थाइसांच्या घराचा जिना तुम्ही पाहिलाय, त्यावर धडधाकट माणूसही अंग तिरकं करूनच चढतो. न्हाणीघर वर, झोपायची खोली वर. आश्रमातली माणसं वाईट नव्हती. पण लिओबाला तिथलं काही गोड लागेना. एवाल्ड रोज जायचा आणि रोज ती एकच मागणं मागायची.

"मला घरी ने. माझ्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसव. मरायचं तर तिथे मरेन, इथे या बटाट्याच्या पांढऱ्या लगद्यापुढे नाही."

"नेतो."

"कधी?"

"नेतो म्हटलं ना."

खालच्या मजल्यावर न्हाणीघर बांधायचं, भिंत पाडून दार रुंद करायचं आणि घरी राहून सगळं करणारी बाई ठेवायची. एवाल्डच्या पेन्शनमध्ये यातलं काहीच बसत नव्हतं. त्यांना मूलबाळ नाही. आम्ही गायनवृंदातल्यांनी वर्गणीचा विषय काढला तर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

वसंतात व्हिएन्नाच्या एका लिलावगृहाची माणसं आपल्याकडे आली होती. जुने कॅमेरे आणि लेन्सा तपासून किंमत सांगायची, पसंत पडलं तर लिलावात घ्यायचं. सगळा गाव माळ्यावरच्या पेट्या उपसून हॉटेलातल्या सभागृहात रांगेला उभा होता. एवाल्डला मीच ओढून नेलं. तो लेन्स मोज्यात घालून घेऊन आला होता.

टेबलापलीकडे फ्राउ हासलिंगर नावाची बाई होती, चाळिशीची, बोलायला गोड. तिनं मोज्यातून लेन्स काढली आणि बोलायची थांबली. नंबर वाचला, बारीक बॅटरी आतून फिरवली. मग शेजारच्या माणसाला हाक मारून त्यालाही दाखवलं.

"हेर थाइस, ही तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"लग्नापासून."

"उघडली होती कधी?"

"कशाला उघडू? बिघडली नाही."

तिनं आकडा सांगितला. चाळीस हजार युरो, कदाचित पन्नास. मी तिला तो आकडा पुन्हा सांगायला लावला. एवाल्ड मात्र घासणाऱ्यासारखा विचारता झाला, "पुढच्या भिंगावर ओरखडे आहेत ते दिसले का तुम्हाला?"

"दिसले ना. पुसल्याचे आहेत, कुणीतरी वर्षानुवर्षं मायेनं पुसलेलं दिसतंय." ती हसली. "कोरी असती तर आणखी मिळाले असते. या धंद्यात अवस्थेवर सगळं ठरतं. पण आहे तशी उत्तम आहे. आहे तशीच पाठवा, कुणाच्या हातात देऊ नका."

आता बघा, आम्ही त्या वेळी घरी यायला हवं होतं आणि गप्प बसायला हवं होतं. पण एवढी आनंदाची बातमी घेऊन माणूस बायकोकडे धावणार नाही तर कुठे? आम्ही दोघं तडक पूल ओलांडून आश्रमात गेलो. एवाल्डनं तिच्या चांगल्या हाताशी बसून सगळं सांगितलं. लिओबाचे डोळे भरून आले. मग तो, मूर्खासारखा, तेही बोलून गेला: कोरी असती तर आणखी मिळाले असते.

लिओबानं आपला हात मागे घेतला.

"म्हणजे माझ्या एप्रनमुळे."

"अगं नाही, पन्नास हजार म्हणजे..."

"तू सांगत होतास. दर शनिवारी घसा फोडून सांगत होतास. मी ऐकलं नाही." तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "आपलं एवढंसं होतं, तेही मीच खरवडून ठेवलं."

त्या दिवसापासून तिनं जेवण कमी केलं. एवाल्ड समजावत राहिला, मी समजावत राहिलो, तिचा पाद्रीही समजावून गेला. तिचं एकच: माझ्यामुळे.

पुढच्या रविवारी आपल्याकडे गाऊन सांगायचं प्रवचन होतं. माझा जीव त्या प्रवचनांवर किती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. बोलून सांगितलेला उपदेश कानावरून जातो, गाऊन सांगितलेला छातीत उतरतो. पास्टरांनी त्या दिवशी 'अंतःकरणाची काच' हा विषय घेतला होता. एक ओळ ते गायचे, एक आम्ही मागून उचलायचो: काच निर्मळ करा, उजेड बाहेर उभाच आहे. माझ्या अंगावर काटा आला. शेजारी बघितलं तर एवाल्ड गात नव्हता. ओठ मिटून समोर बघत होता, चेहरा मात्र उजळलेला.

बाहेर पडताना तो म्हणाला, "वेंडेल, माझं भिंग परत आलंय."

मला वाटलं, व्हिएन्नाबद्दल बोलतोय. म्हटलं, "अजून गेलंच कुठे?"

तो हसला आणि घरी गेला.

त्याच्या तळघरात जुनी थाळी होती, डांबर होतं, लाल भुकटीचा डबा होता. कारखाना सुटला तरी घासणारे ते जपून ठेवतात. आपल्याकडे कुणाच्या तळघरात सापडणार नाही असं नाही. त्यानं लेन्सची पुढची कडी फिरवून काढली, भिंग बाहेर घेतलं. काचेची चकाकी कमी व्हावी म्हणून कारखान्यातले लेपवाले देतात तो जुना निळसर लेप आधी उतरवला. लेपाबद्दल त्याचं मत सगळ्या घासणाऱ्यांचं असतं तेच: "लेपवाल्यांची पावडर-लाली. चेहरा आमचा." मग तो घासायला बसला. हात थरथरायचे, पण थाळीवर टेकले की थांबायचे, असं त्यानं मला नंतर सांगितलं. कडेची पेन्सिलीची खूण धुऊन गेली होती, म्हणून ती त्यानं पुन्हा घातली. नमुन्याची काच त्याच्याकडे नव्हती. तो उतारावर राहणाऱ्या जुन्या सोबत्याकडे जाऊन भिंग टेकवून आला. कडी गोल होती, एकसारखी, तरुणपणी यायची तशी.

मला त्यानं काम झाल्यावर दाखवलं. काय सांगू मंडळी, त्या नळीत काच आहे की नाही तेच कळेना. झऱ्याचं पाणी. मी म्हटलं, "एवाल्ड, कुणाच्या हातात देऊ नका म्हणाली होती ना ती?"

"कुणाच्या हातात दिलं? माझंच तर आहे."

त्याच्या बोलण्यात फसवाफसवी नव्हती. 'कुणाच्या' म्हणजे परक्याच्या. ज्याची खूण कडेला, त्यानं ते घासायचं नाही तर कुणी? हे त्या बाईला विचारून बघायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

लेन्स व्हिएन्नाला जाण्याआधी तो ती लिओबाला दाखवून आला. म्हणाला, "बघ. एकही ओरखडा आहे का? तुझ्या एप्रनचं काही नावनिशाण उरलं नाही." त्या दिवशी ती सूपही प्यायली आणि वर मनुकांच्या केकचा तुकडाही मागून घेतला. खालच्या न्हाणीघराला फरशी कोणत्या रंगाची हवी, यावर दोघं भांडली. तिला हिरवी हवी होती. मी दाराशी उभा राहून ते भांडण ऐकलं आणि देवाचे आभार मानले.

फ्राउ हासलिंगरचा फोन आला तेव्हा एवाल्ड माझ्याच स्वयंपाकघरात होता. फोन मीच स्पीकरवर ठेवला.

"हेर थाइस, लेन्सला काय झालं?"

"दुरुस्त केली," तो ताठ बसून म्हणाला. "आता कोरी आहे."

पलीकडे बाईचा आवाज चढला.

"कुणी केलं हे?"

"मी. भिंग माझंच आहे."

"तुम्ही... देवा रे. हेर थाइस, त्या लेपासाठी लोक पैसे मोजणार होते. त्या ओरखड्यांसकट. ती कारखान्यातून निघाली तशी, कुणीही न उघडलेली होती. आता ती..." मला वाटतं, बाईला रडू येत होतं. "आता ती नुसती एक चांगली लेन्स आहे."

"चांगलीच तर आहे. तपासून बघा तुम्ही. नमुन्याच्या काचेवर टेकवून बघा!"

"मला माहीत आहे हो. जुन्या लेन्सा गोळा करणारे त्यातून बघत नाहीत. कपाटात ठेवतात."

एवाल्ड कधी नव्हे ते हळू आवाजात बोलला. "पुन्हा लेप दिला तर? कारखान्यात माझ्या ओळखीचे..."

"नवा लेप नवाच असतो. मला ती लिलावातून काढावी लागेल. माफ करा."

लिलाव इंटरनेटवर दिसतो. मी नको नको म्हणत होतो, पण एवाल्डला बघायचाच होता. त्याच चाचणीतला आणखी एक नग कुणीतरी विकायला दिला होता. मोठा करून दाखवला तेव्हा एवाल्ड पडद्याला नाक लावून बघायला लागला. नळीला पोचा होता. आत बुरशीची जाळी पसरली होती, कोळ्यानं विणल्यासारखी.

"यातून काही दिसणारसुद्धा नाही," तो म्हणाला. "काहीच दिसणार नाही रे यातून."

आकडे चढत गेले. शेवटची हातोडी पडली तेव्हा किंमत बाईनं सांगितलेल्याच्या पुढे गेली होती. एवाल्डनं टोपी घातली आणि कोट न घेताच निघून गेला. बाहेर पाऊस होता. कोट घेऊन मी त्याच्या मागे धावलो, त्यानं वळूनही बघितलं नाही.

तो लिओबाकडेच गेला होता. मी पोचलो तेव्हा ती विचारत होती, "विकलं?"

"नाही विकलं."

"ओरखडे राहिले असतील कुठेतरी."

"एकही राहिला नव्हता, लिओबा. ऐक. ओरखडे राहिले असते तर विकलं गेलं असतं. मी काढले म्हणून हातचं गेलं. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे."

लिओबानं त्याच्याकडे बघितलं, आणि चांगल्या हातानं त्याचा ओला गाल पुसला.

"किती वेडा आहेस. मला बरं वाटावं म्हणून काय वाटेल ते सांगशील. ओरखडे असलेली काच महाग आणि नसलेली स्वस्त? साठ वर्षं घासणाऱ्याची बायको आहे मी."

"देवाशपथ खरं आहे! वेंडेल, सांग हिला!"

मी सांगितलं. हात जोडून सांगितलं. ती माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसली, लहान मुलांचं खोटं ऐकून घेतात तशी. "तुम्ही दोघं एकाच सुरात गाणारे," म्हणाली. "एकानं सांगितलं की दुसरा मागून उचलतो."

त्यापुढे कुणाचाच इलाज चालला नाही. एवाल्डनं व्हिएन्नाच्या बाईला फोनवर आणलं, तरी लिओबाचं म्हणणं, तिलाही तूच पढवलंस. जे खरं, ते सगळं तिला मायेपोटी सांगितलेलं खोटं वाटायला लागलं. मी आयुष्यभर ऐकत आलो की खऱ्यानं माणूस सुटतो. तिथे, त्या पलंगाशी, खरं आमच्याच हातात होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

लेन्स परत आली, एका चांगल्या खोक्यात. एका निरभ्र दुपारी एवाल्ड ती आश्रमात घेऊन गेला. खिडकीतून नदीपलीकडचा आपला डोंगर दिसतो, चर्च, खालची घरं. त्यानं पडदे ओढून खोली अंधारी केली, मधे एक फट ठेवली, फटीत लेन्स धरली आणि मागे प्रार्थनागीतांचा एक कागद, कोऱ्या बाजूनं. कागदावर डोंगर उतरला. रंगांसकट, झाडं हलताना. चर्चचा मनोरा, उतरणीची छपरं आणि त्यात मोहरीच्या दाण्याएवढं त्यांचं घर. इतकं स्वच्छ की स्वयंपाकघराची खिडकी चमकलेली कळली.

"उलटं आहे," लिओबा म्हणाली.

एवाल्डनं कागद फिरवला. घर उलटंच राहिलं.

तिनं बोट पुढे केलं. हात लावून बघायचा असेल. बोट टेकलं आणि घर तिच्या नखावर आलं, कागदावर उरलं नाही. ती बराच वेळ नखाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किती सुंदर घासलंयस रे. मी खराब केलं नसतं तर..."

एवाल्डचा हात थरथरायला लागला, आणि डोंगर, चर्च, घर सगळंच हलायला लागलं.

नाताळाआधीच्या उपासनांना सुरुवात व्हायच्या आत लिओबा गेली, त्याच खोलीत. शेवटपर्यंत तिनं मन बदललं नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं एवाल्डची माफी मागितली. आणि त्यानं, मंडळी, ती दिली. दुसरं काय करणार? जे तिनं केलंच नव्हतं त्याची माफी तिला हवी होती. ती तरी त्याला देता येत होती.

आतल्या भागात तिची प्रार्थना झाली. आम्ही बाहेरच्या भागातले आत जाऊन गायलो. एवाल्ड माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचा आवाज फुटला नाही. अजून फुटलेला नाही. तो येतो, खांबाजवळ उभा राहतो, वही उघडतो. लेन्स पुन्हा फळीवर आहे. त्यानं तिला हात लावणं सोडलंय, कुणाला पुसूही देत नाही. तिच्यावर आता धुळीचा चांगला थर बसलाय.

मला तुमच्याकडून मेणबत्ती नको, वर्गणी नको. तुमच्यातले बरेचजण चष्मा लावता. तो धुरकट झाला की वाफ सोडून बाहीनं, एप्रनच्या टोकानं, जे हाताशी असेल त्यानं पुसता, मी बघतो ना. तसं पुसताना लिओबा थाइसची आठवण काढा. तिनं काही बिघडवलं नव्हतं. निदान तुम्ही तरी विश्वास ठेवा.